पपांची शिट्टी, माझी विनंती

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाची गोष्ट चव्हाट्यावर आणायची असेल तर चहाडी करावी लागत नाही. प्रार्थनेसाठी विनंती द्यायची, बस. काम फत्ते. हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः दिली आहे, आणि तीही माझ्या बापाची.

दर वर्षी दिवाळी उलटली की वाकोल्याच्या आमच्या चर्चमधून सायकलींची एक फेरी निघते, ती थेट नगर जिल्ह्यातल्या एका गावापर्यंत. तीन दिवस लागतात. पहिला मुक्काम मुरबाडला, दुसऱ्या दिवशी माळशेजचा घाट, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावच्या दगडी चर्चमध्ये हंगामाच्या सणाला हजर. ते गाव माझ्या पपांचं. फेरीही पपांनीच सुरू केली, मी शाळेत असताना, चर्चमधल्या चार जणांना गोळा करून. तेव्हा हेल्मेट कुणाकडे नव्हतं आणि आताच्या त्या घट्ट चकचकीत चड्ड्याही नव्हत्या. पायजमा वर खोचायचा आणि निघायचं.

पहिल्याच वर्षी घाटात एकाचं चाक पंक्चर झालं आणि पुढच्यांना पत्ताच नाही. तो बिचारा तीन तास रस्त्याच्या कडेला एकटा बसून होता. तेव्हापासून पपांनी नियम केला की सगळ्यांत शेवटी एक ठरलेला माणूस राहील आणि त्याच्या मागे कुणालाच राहू दिलं जाणार नाही. तो माणूस अर्थातच पपा. कॅरिअरला पंप, पाने, पंक्चरचं सामान आणि गळ्यात शिट्टी. पपा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. क्रेनखाली माणूस आला की तिथे वाजवायचे, ती ही शिट्टी. दोनदा लांब वाजली म्हणजे कुणीतरी पडलंय, सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. पोरं त्यांना शेपूटकाका म्हणायची. पपांना राग नव्हता, उलट ते मिरवायचे.

मी कधी गेले नव्हते. मला सायकल येते, पण हौस नाही. ह्या खेपेला पपाच म्हणाले, "चल की गं बाई. एवढी एक फेरी करतो, मग सायकल भंगारात. सत्तरीला काय घाट चढायचेत?" गावाच्या शिवेवर सायकली दिसल्या की तिथली पोरं चर्चच्या घंटेचा दोर ओढतात. ती घंटा त्यांना एकदा माझ्याबरोबर ऐकायची होती. सायकलवर बसून ऐकायची, गाडीतून नाही. ते पुन्हापुन्हा म्हणाले, गाडीतून ती ऐकूच येत नाही. मी भाचीची सायकल मागून आणली आणि महिनाभर सकाळी कालिन्यापर्यंत चालवून घाम गाळला. मी लग्न केलेलं नाही, घरात आम्ही दोघंच. त्यामुळे नको म्हणणारं कुणी नव्हतं.

निघायच्या तीन आठवडे आधी पपा बाथरूममध्ये पडले. धप्प आवाज आला. मी धावले, दार वाजवलं. त्यांनी स्वतःच कडी काढली आणि म्हणाले, "चक्कर आली गं. घाबरू नको." पलंगावर बसवलं, पाणी दिलं. मग माझा हात धरून म्हणाले, "कुणाला बोलू नको, बाई. फेरीतनं काढतील मला." मी म्हटलं, नाही बोलणार. नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, रक्त बघितलं आणि म्हणाले, प्रेशरची गोळी उपाशीपोटी घेतलीत म्हणून झालं. सायकल? चालवा की. सावकाश चालवा, तासातासाला काहीतरी पोटात टाका. मी हट्टाने त्यांच्याकडून तसं लिहून घेतलं. ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये राहिली.

मग आला बुधवार. बुधवारी बायकांची प्रार्थना असते, आळीपाळीने एकेकीच्या घरी. सतरंजीवर गोल बसायचं, प्रत्येकीने आपली विनंती सांगायची आणि उजवीकडच्या बाईने तिच्यासाठी प्रार्थना करायची. ज्या बाईकडे विनंती नाही तिच्याकडे बाकीच्या अशा बघतात, जशी काही तिच्या घरी चूलच पेटत नाही. माझ्याकडे कित्येक आठवडे काही नव्हतं. नोकरी बरी, तब्येत बरी, नवरा नाही, मूल नाही, मागणार काय? त्या दिवशी पाळकीणबाई, म्हणजे आमच्या पाळकांच्या मिसेस, माझ्याकडे वळल्या, "आणि तुझी, बेटा?" माझ्या तोंडून निघून गेलं की पपा पडले. आणि एकदा निघाल्यावर मी रडलेसुद्धा. सगळ्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरं सांगते, मला बरं वाटलं. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर विनंतीत राहिलं काय असतं? उपाशीपोटी गोळी घेतली, एवढंच. त्यासाठी कुणी पाठीवरून हात फिरवत नाही.

"इथल्या इथे ठेवा हं," मी शेवटी म्हटलं. सगळ्या म्हणाल्या, अगं म्हणजे काय! पण आमच्या बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि ह्याला तर प्रार्थनेचं निमित्त. रविवारपर्यंत चक्करेचा हार्ट अटॅक झाला होता. पुढच्या रविवारी एका बाईने मला जिन्यात गाठून विचारलं, "डावी बाजू आता हलते ना गं?" मी घाबरले. पपांच्या कानावर जाईल म्हणून घाबरले. पण त्यांच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही आणि मलाही वाटलं, चला, निभावलं.

फेरीच्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. अठरा सायकली आणि मागे सामानाचा टेम्पो. सगळ्यांत पुढे तरुण संघाचा सेक्रेटरी. सायकल अशी की एका बोटाने उचलावी, डोळ्यांवर पिवळा चष्मा, घड्याळात हृदयाचे ठोके दिसतात. हाच चौदा वर्षांचा होता तेव्हा मुरबाडच्या पुढे रडत बसला होता. पपांनी त्याची सायकल एका हाताने आणि स्वतःची दुसऱ्या हाताने ढकलत आणली होती. मी पपांच्या जरा पुढे होते. कालिना, कुर्ला, मग एलबीएस रोड. मेट्रोच्या कामाने रस्त्याची पार वाट लावलेली, पत्र्यांच्या मधून एका वेळी एकच सायकल जाईल एवढी जागा. घाटकोपरला माझी चेन उतरली. मी वाकून खुडबुड करत होते तर मागून पपा आले, स्टँडला सायकल लावली, दोन बोटांनी चेन बसवली आणि काळी बोटं माझ्या गालाला लावून हसले. "चल, शेवटच्याच्या पुढं हो."

दर तासाला मी त्यांना चिक्की देत होते. विक्रोळीला एक, भांडुपला एक. भांडुपला त्यांनी त्यांचा कारखाना दाखवला. म्हणजे तिथे आता टॉवर आहे. त्याच्या गेटकडे बोट दाखवून म्हणाले, इथं रोज माझं हजेरीचं कार्ड पंच व्हायचं. एवढे खुशीत मी त्यांना आई गेल्यापासून बघितलं नव्हतं.

मुलुंडला, चेकनाक्याच्या अलीकडे, आमच्याच मिशनचं एक छोटं चर्च आहे. मुंबई सोडायच्या आधी तिथे नाश्ता आणि प्रार्थना, हा पहिल्या वर्षापासूनचा रिवाज. उपमा-चहा झाला. पाळकीणबाई टेम्पोतून आल्या होत्या, त्याही उतरल्या. हेल्मेटं काढून आम्ही आवारात गोल उभे राहिलो, हातात हात. माझ्या डाव्या हातात पपांचा हात होता, चेनच्या तेलाने चिकट. सेक्रेटरीने डोळे मिटले आणि सुरू केलं. रस्त्यासाठी, हवेसाठी, ट्रकवाल्यांसाठी. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "प्रभू, आम्ही आमच्या काकांना तुझ्या हाती देतो. त्यांच्या हृदयाची अवस्था तू जाणतोस. आता पुढचा प्रवास ते गाडीत बसून करणार आहेत, आमच्यासाठी प्रार्थना करणार आहेत. हा निर्णय त्यांनी आनंदाने स्वीकारला, त्यासाठी तुझे आभार मानतो."

आनंदाने! पपांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. पण प्रार्थनेत मध्येच बोलायचं कसं? भांडणात माणूस उलटून बोलू शकतो, मीटिंगमध्ये हात वर करू शकतो. डोळे मिटलेल्या अठरा माणसांपुढे काय करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि सेक्रेटरीला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने वाकोल्याला एक शब्द काढला नाही आणि इथे, हातात हात असताना, देवाला पुढे केलं.

"आमेन," सगळे म्हणाले. मी म्हणाले. पपाही म्हणाले. सत्तर वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं. मग त्यांना कळलं आपण कशाला आमेन म्हटलं ते. त्यांनी डोळे उघडले आणि आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"कोण म्हणालं माझ्या हृदयाला काही झालंय?"

पाळकीणबाई अगदी मायेने पुढे आल्या. "अहो भाऊ, तुमच्या लेकीनेच विनंती दिली होती. आम्ही तीन आठवडे तुमच्यासाठी गुडघे टेकतोय."

पपांनी माझ्याकडे बघितलं नाही. फक्त माझा हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला.

आणि डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये होती. पर्समधून काढून मी मुद्दाम बरोबर घेतली होती, वेळ पडली तर असावी म्हणून. आता हीच ती वेळ ना? पाऊचची चेन ओढायची, कागद काढायचा, सेक्रेटरीच्या नाकासमोर धरायचा. दोन सेकंदांचं काम. मी नाही काढला. काढला असता तर बुधवारच्या त्या सगळ्या बायकांना कळलं असतं की मी अर्धीच गोष्ट सांगून रडले. पाळकीणबाई समोर उभ्या होत्या. मला लाज वाटली. माझी लाज राखायला मी बापाला सायकलवरून उतरवलं, दुसरं काही नाही. त्यात काळजी होती, प्रेम होतं, असं मी नंतर स्वतःला खूप समजावून पाहिलं. थापा आहेत.

सेक्रेटरी म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका. शिट्टी द्या, मागे कुणीतरी लागेल ना." पपांनी गळ्यातून शिट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती माझ्याकडे दिली, वर हसून. "ताई, तुम्हीच घ्या. घरातच राहील." आणि मी, मूर्ख बाई, ती गळ्यात घातली.

टेम्पोचा ड्रायव्हर मालवणकडचा, साठीचा माणूस, चर्चशी त्याचा काही संबंध नाही. तो पपांची सायकल वर चढवायला दोरी घेऊन आला होता. हे सगळं ऐकून तो तसाच उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "अरे, पण माणसाक एकदा इचारूक तरी होया!" त्या आवारात खरं बोललेला तो एकटाच.

पपांनी त्याच्या हातातून सायकल परत घेतली. "मी घरी जातो," एवढंच म्हणाले. पाळकीणबाई "अहो, अहो" करत राहिल्या. पपा गेटमधून बाहेर पडले आणि नाक्याकडे न वळता उलट वळले.

मी माझी सायकल ओढली. सेक्रेटरी आडवा आला. "ताई, तुम्ही गेलात तर मागे कोण?" मला अशी चीड आली! म्हटलं, "तू रहा मागे. तुला कधीतरी कळू दे मागे राहणं म्हणजे काय." आयुष्यात एवढं एकच वाक्य मी वेळेवर बोलले आणि तेही दहा मिनिटं उशिरा.

पपा खूप पुढे गेले नव्हते. भांडुपला मला त्यांची पाठ दिसली. हाका मारल्या, पण त्या रस्त्यावर कोण ऐकतंय? बसचे हॉर्न, पत्र्यामागचं ड्रिलिंग. ऊन चढलं होतं आणि मुलुंडनंतर त्यांनी काहीच खाल्लं नव्हतं. चिक्की माझ्याकडे. कांजूरच्या सिग्नलला त्यांनी सायकल गर्दीतून काढली आणि मला वाटलं, आता सुटले हातचे. मी शिट्टी तोंडात धरली आणि दोनदा लांब वाजवली.

पपा जागच्या जागी थांबले. एक पाय जमिनीवर, मान वळलेली, नजर रस्त्यावर, पडलेला माणूस शोधत. इतक्या वर्षांत शिट्टी त्यांनी वाजवली होती, त्यांच्यासाठी कुणी वाजवलीच नव्हती. मी धापा टाकत जवळ गेले.

"कोण पडलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. पपा, ऐका ना—"

"मग वाजवलीस कशाला? कुणी पडल्याशिवाय वाजवायची नसते ती."

मी चिक्की पुढे केली. घेतली नाही. मी पाऊच उघडून डॉक्टरांची चिठ्ठी काढली. आत्ता! कांजूरच्या सिग्नलला, भर उन्हात, जिथे ती कुणालाच दाखवायची नव्हती. पपांनी ती घडी उघडलीसुद्धा नाही. बघूनच ओळखली. "ही होती तुझ्याकडं तिथं?" म्हणाले. मी हो म्हटलं. खोटं बोलायचं त्राणच नव्हतं.

ते बाजूला सरले आणि रस्त्याकडे हात केला. "हो पुढं. माझ्या मागं कुणी राहत नाही."

वाकोल्यापर्यंत मी पुढे आणि ते मागे. मान वळवायची हिंमत होत नव्हती. त्यांची सायकल जुनी, मडगार्ड खडखडतं. तो आवाज येतोय ना, एवढंच मी ऐकत होते. विक्रोळीला आला, घाटकोपरला आला, कुर्ल्याच्या गर्दीत मध्येच बंद झाला तेव्हा मी पेडल मारायची थांबले. मग पुन्हा आला. घरी पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. मी वरण-भात टाकला. ते जेवले. ताट घासून ठेवलं आणि झोपले.

आठवड्याभराने फेरीला गेलेले परतले. रविवारी सेक्रेटरीने उपासनेत साक्ष दिली, काकांनी तरुणांसाठी कसा त्याग केला म्हणून. त्याने गावाहून पिशवीभर शेंगा आणल्या होत्या, त्या पपांच्या मांडीवर ठेवल्या. सगळ्यांना गहिवरून आलं. शेवटच्या आशीर्वादाला मी डोळे मिटले नाहीत, शेजारी बघत होते. सगळं चर्च आमेन म्हणालं. पपांचे ओठ मिटलेले होते. डोळे उघडे होते. तेव्हापासून एकदाही त्यांनी आमेन म्हटलेलं मी ऐकलं नाही. दर रविवारी चर्चला मात्र येतात, वेळेवर, इस्त्रीचा सदरा घालून.

सायकल त्याच महिन्यात भंगारवाल्याला गेली. मी ऑफिसातून आले तर पॅसेजमधली जागा रिकामी. शिट्टी मी त्यांच्या उशाशी ठेवली होती. ती आता स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर आहे, तिथे का टांगली ते मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. बुधवारी मी जात नाही. पाळकीणबाईंचा फोन येतो, "काही विनंती आहे का, बेटा?" मी सांगते, काही नाही, सगळं छान आहे.

पपा माझ्याशी भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. विचारलं तेवढं बोलतात. चहा घेणार? घेतो. पाय दुखतो का? नाही. मला आता ते 'बाई' म्हणत नाहीत. कशानेच हाक मारत नाहीत, समोर येऊन उभे राहतात.

परवा सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आतून, बाथरूममधून, धप्प आवाज आला. मी ओरडले, "पपा, काय झालं?" मग आतून अगदी शांत आवाज आला, "काही नाही. बादली पडली."

घरात आमच्याकडे एकच बादली आहे. ती माझ्या पायाशी होती, ओल्या कपड्यांनी भरलेली.

"बरं," मी म्हटलं.